रुग्णालयात गुणवत्ता-सुधारणेचा पुरस्कार कसा राबवावा: समितीत नव्याने आलेल्यांसाठी

वार्षिक सत्कार वेगळा आणि गुणवत्ता-सुधारणेचा पुरस्कार वेगळा. सत्कारात अनेक वर्षांची सेवा, रुग्णांशी आपुलकीचं वागणं, अडचणीच्या वेळी धावून जाणं यांचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. परिचारिकांसाठी अमेरिकेत सुरू झालेला डेझी पुरस्कार याच जातीचा: रुग्ण आणि नातेवाईक नाव सुचवतात, मायेनं केलेल्या सेवेचा मान राखला जातो. सुधारणेच्या पुरस्कारात मात्र एवढंच तपासायचं असतं, की कामाची कोणती पद्धत बदलली आणि त्यामुळे रुग्णाला काय फरक पडला.

या दोन्हींची सरमिसळ झाली की पुरस्कार लोकप्रिय माणसाला जातो आणि ज्या टीमनं खरोखर काही बदललं ती बाजूला राहते. त्याहून मोठा धोका आकड्यांना असतो. बक्षीस चुकीच्या आकड्याला बांधलं, तर लोक काम सुधारण्याऐवजी आकडा सुधारायला लागतात. पुढच्या बहुतेक सूचना हे टाळण्यासाठीच आहेत.

घोषणेपासून वितरणापर्यंत साधारण १६ आठवडे धरा: अर्जांसाठी ६, छाननीला १, गुण देण्यासाठी २, वॉर्डांतल्या पाहणीसाठी ३, निर्णय आणि उत्तरं पाठवायला २, आणि उरलेले २ आठवडे अडीअडचणींसाठी. यापेक्षा कमी वेळ ठेवला, तर पहिली काटछाट पाहणीत होते, आणि नेमकी तीच टाळता येत नाही.

१. पुरस्कार कशासाठी, ते एका पानात लिहा

गट तीनच ठेवा.

पहिला गट सुधारणेचा: माहीत असलेली चांगली पद्धत आपल्या विभागात रुजवून दाखवली. दुसरा गट नवकल्पनेचा: आपल्याकडे नव्हतं असं साधन, फॉर्म किंवा कामाची नवी रीत तयार केली. तिसरा गट वेळीच ओळखलेल्या धोक्याचा: चूक रुग्णापर्यंत पोचण्याआधी थांबवली आणि कळवली.

पहिले दोन गट एकत्र करू नका. एकत्र केले की नवं ॲप, नवं यंत्र दरवेळी जिंकतं आणि रोजची शिस्त हरते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मिळून केलेलं काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. मोठ्या शिरेत घातलेल्या कॅथेटरमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस कॅथेटर असणं म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ होता, तो दीड वर्षात १.४ वर आला. त्यासाठी केलेल्या पाच गोष्टी अशा: हात धुणं, कॅथेटर घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण वापरणं, क्लोरहेक्सिडीननं त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपताच कॅथेटर काढणं. यातली एकही गोष्ट नवी नव्हती. ‘नावीन्य’ हा निकष लावला असता, तर हे काम पहिल्याच फेरीत बाद झालं असतं.

तिसऱ्या गटासाठी वर्षभर थांबू नका. औषधाची चुकीची मात्रा सिस्टरनी पकडली, तर त्याच आठवड्यात वरिष्ठांनी वॉर्डात जाऊन सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानावेत आणि लेखी पत्र द्यावं. डॉक्टरांनी लिहिलेल्या ऑर्डरवर शंका घेणं सोपं नसतं. ती शंका घेतल्याबद्दल कौतुक झालेलं इतरांनी पाहिलं, तर पुढच्या वेळी दुसरंही कोणी बोलेल.

एक गोष्ट नियमातच लिहून टाका: ‘शून्य’ या आकड्याला बक्षीस नाही. ‘वर्षभरात एकही रुग्ण पडला नाही’, ‘एकही घटना-अहवाल नाही’ अशा वॉर्डांना ढाल द्यायला सुरुवात केली, की पुढच्या वर्षी रुग्ण पडतात पण नोंदी होत नाहीत. रात्री दोनला बेडवरून घसरलेला रुग्ण ‘स्वतःहून खाली बसला’ असा लिहिला जातो. एका नोंदीमुळे सगळ्या वॉर्डाची ढाल जाणार असेल, तर नोंद करणाऱ्या नव्या सिस्टरवर किती दबाव येईल याचा विचार करा.

२. पात्रता ठरवताना कोणी सुटत नाही ना, ते पाहा

कंत्राटी कर्मचारी, प्रशिक्षणार्थी, सफाई कर्मचारी, स्वयंपाकघर, सुरक्षारक्षक, रेकॉर्ड विभाग, यंत्रदुरुस्ती विभाग या सगळ्यांचा पात्रतेत नावानिशी उल्लेख करा. ‘सर्व कर्मचारी’ एवढंच लिहिलं, तर कंत्राटी माणसं स्वतःला त्यात धरत नाहीत.

टीममध्ये २ ते १० जण असावेत. प्रत्येकाच्या नावापुढे त्यानं काय केलं ते एका वाक्यात लिहायला लावा. हे वाक्य सुचत नसेल, तर ते नाव यादीत कशासाठी आहे हा प्रश्न आपोआप पुढे येतो. नावं अक्षरक्रमानं लावा. विभागप्रमुखांचं नाव सवयीनं सर्वांत वर जातं आणि प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या इन्चार्ज सिस्टर चौथ्या-पाचव्या क्रमांकावर जातात. टीमप्रमुख म्हणून प्रयोग रोज चालवणाऱ्याचं नाव लागावं, मग पद कोणतंही असो.

अर्ज स्वतः करता यावा, सहकाऱ्यानंही करता यावा. लिहिण्याची सवय नसलेल्यांसाठी समितीच्या एका सदस्यानं आठवड्यातून ठरलेल्या दोन वेळी बसावं. माणसानं सांगावं, सदस्यानं लिहून घ्यावं. यातली एक वेळ रात्रपाळी सुरू होण्याच्या आसपासची ठेवा. फक्त ईमेलवर घोषणा केली, तर अर्ज ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांच्याकडूनच येतील.

३. अर्ज दोन पानांचा ठेवा

सुधारणेच्या कामात जगभर तीन प्रश्न वापरले जातात, तेच अर्जाचा पाया करा:

- आम्हाला नेमकं काय साध्य करायचं होतं?
- बदल झाला तो सुधारणाच आहे, हे आम्हाला कशावरून कळणार होतं?
- त्यासाठी कोणते बदल करून पाहिले?

या तिन्हींच्या जोडीला पीडीएसए (प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट) हे चक्र येतं: आखणी, छोट्या प्रमाणावर करून पाहणं, निकाल अभ्यासणं, आणि त्यावरून पुढची कृती ठरवणं. शूहार्ट आणि डेमिंग या अमेरिकन गुणवत्ता-तज्ज्ञांच्या कामातून ते आलेलं आहे. अर्जात किमान दोन चक्रांची माहिती मागा आणि त्यातल्या एका फसलेल्या प्रयत्नाबद्दल मुद्दाम विचारा: काय जमलं नाही, आणि त्यावरून काय बदललं? पहिल्याच फटक्यात सगळं जमलं असं सांगणारा अर्ज आला, तर पाहणीत जास्त बारकाईनं बघा. खऱ्या कामात पहिला फॉर्म फार लांब होतो, नवी ट्रॉली दारातून जात नाही, रविवारी माणूस नसतो. जिथे काम झालेलं असतं तिथे हे तपशील लगेच सांगता येतात.

अर्जदारांना नमुना दाखवलात तर निम्मी गोंधळाची पत्रं कमी होतील. पुढचे दोन्ही नमुने काल्पनिक आहेत.

असं लिहू नका: ‘आमच्या टीमनं अथक परिश्रम घेऊन बेडसोरच्या समस्येवर मात केली व रुग्णसेवेचा दर्जा उंचावला.’

असं लिहा: ‘जानेवारी ते जूनमध्ये आमच्या ३० खाटांच्या वॉर्डात बेडसोरचं प्रमाण दर १००० रुग्ण-दिवसांमागे ६ होतं. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद बेडपाशीच करण्यासाठी जुलैत तक्ता लावला. पहिल्या दोन आठवड्यांत रात्रीच्या नोंदी निम्म्याच भरल्या गेल्या, कारण तक्ता पायथ्याशी होता आणि तिथे उजेड नव्हता. तो उशाशी हलवला. सप्टेंबर ते फेब्रुवारीत प्रमाण २ राहिलं.’

काम पुढे नियतकालिकात छापायचं असेल, तर सुधारणा-प्रकल्पांच्या लेखनासाठी २०१५ मध्ये आलेली स्क्वायर २.० ही १८ मुद्द्यांची यादी उपयोगी आहे. ती पुरस्काराच्या अर्जावर मात्र लादू नका. वॉर्डातली माणसं अर्जच करणार नाहीत.

४. आकडे तपासायला शिका

समितीचा सर्वाधिक वेळ इथे जावा. आकडेशास्त्र येणारा माणूस नसला तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी प्रत्येक सदस्याला कळायला हव्यात.

*छेद विचारा.* ‘संसर्ग १२ वरून ५ वर आले’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्या काळात वॉर्डातले रुग्णच निम्मे झाले असतील. संसर्ग दर १००० कॅथेटर-दिवसांमागे, पडण्याच्या घटना दर १००० रुग्ण-दिवसांमागे, हात धुणं हे धुण्याच्या एकूण संधींपैकी किती टक्के, असं मोजलेलं हवं.

*‘आधी’ म्हणजे कधी?* सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एखादा महिना फार वाईट जातो, सगळे हादरतात, प्रकल्प सुरू होतो, पुढचा महिना बरा जातो. काहीही केलं नसतं तरी तो बरा गेला असता, कारण टोकाच्या महिन्यानंतरचा महिना बहुधा सरासरीकडेच येतो. म्हणून ‘आधी एक, नंतर एक’ असे दोन खांब दाखवणारा आलेख स्वीकारू नका. बदलाआधीचे आणि नंतरचे शक्यतो १० ते १२ बिंदू मागा. महिन्याचे आकडे तेवढे नसतील, तर आठवड्याचे चालतील.

*रन चार्ट काढायला लावा.* आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर मोजमाप, मध्ये मध्यकाची (सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) रेघ. ओळीनं सहा किंवा जास्त बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला गेले, तर बदल योगायोगाचा नसण्याची शक्यता बरीच असते; मध्यकावरच पडलेले बिंदू यात मोजायचे नाहीत. ओळीनं पाच किंवा जास्त बिंदू सतत चढत किंवा उतरत असतील, तर तो कल समजावा. हे सगळं चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं होतं. बदल कोणत्या दिवशी केला त्याची खूण आलेखावर हवीच. पुष्कळदा सुधारणा त्या खुणेच्या आधीच सुरू झालेली दिसते.

*तोल बघणारं मोजमाप.* एका बाजूला फायदा होताना दुसरीकडे काय बिघडलं? डिस्चार्ज लवकर व्हायला लागले, तर ३० दिवसांत परत भरती झालेले रुग्ण किती? लघवीची नळी लवकर काढली, तर पुन्हा किती जणांना घालावी लागली? ओपीडीतला खोळंबा कमी झाला, तर डॉक्टर प्रत्येक रुग्णाला पूर्वीइतका वेळ देतात का? हा रकाना रिकामा असेल तर अर्ज बाद करू नका, परत पाठवून भरून मागा.

*पाहिलं जातंय म्हणून बदललेलं वागणं.* हात धुण्याची टक्केवारी कोणी मोजली? इन्चार्ज हातात तक्ता घेऊन उभ्या असतील, तर सगळेच हात धुतात. जोडीला हँडरबचा (हातांना चोळायच्या जंतुनाशकाचा) खप दर रुग्ण-दिवसामागे किती मिलीलिटर झाला ते पाहा. टक्केवारी वाढली आणि खप तेवढाच राहिला, तर विचारा का.

*वाढलेल्या नोंदींना घाबरू नका.* औषधातल्या चुका कळवण्याची पद्धत सोपी केली, की पहिले काही महिने चुकांचा आकडा वाढतो. पूर्वी न दिसणाऱ्या चुका आता दिसतात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. अशा अर्जात हानी झालेल्या आणि न झालेल्या घटना वेगळ्या मागा. हानी न झालेल्यांच्या नोंदी वाढल्या आणि हानी झालेल्या वाढल्या नाहीत, तर ते चांगलं लक्षण आहे.

*दुर्मीळ घटना.* वर्षात दोन-तीनदाच घडणाऱ्या गोष्टीचा मासिक दर काढून उपयोग नाही. दोन घटनांमध्ये किती दिवस किंवा किती रुग्ण गेले ते मोजायला सांगा.

चांगले आकडे असूनही काम मान्य न होण्याचं सर्वांत दुःखद उदाहरण हंगेरियन डॉक्टर सेमेलवाइस यांचं आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात मे १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेला मातामृत्यूचा दर जुलैत १.२ टक्क्यांवर आला. महिन्यागणिक आकडे होते, तुलनेला सुइणींचा दुसरा विभागही होता. पण त्यांनी आपलं सविस्तर पुस्तक काढलं ते थेट १८६१ मध्ये, आणि तोवर विरोध घट्ट झाला होता. तुमच्याकडचं चांगलं काम नीट लिहून, वेळेवर, इतर विभागांसमोर येण्याची जबाबदारी पुरस्कार-समितीनं स्वतःवर घ्यावी.

५. समिती आणि गुण

सदस्य ७. त्यात परिचर्या विभाग, डॉक्टर, प्रयोगशाळा किंवा औषध विभाग आणि गुणवत्ता विभाग यांचं प्रत्येकी एक माणूस, एक बाहेरच्या संस्थेतला जाणकार, आणि एक रुग्ण-प्रतिनिधी. रुग्ण-प्रतिनिधी नावापुरता बसवू नका. त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात नेमके असतात.

१०० गुणांची एक वाटणी:

- समस्या आणि आधीची स्थिती: १५
- प्रयोगाची रीत, त्यातून शिकलेलं: २०
- मोजलेला परिणाम: २५
- कर्मचारी आणि रुग्णांचा सहभाग: १५
- टिकाऊपणा: १५
- इतर विभागांत नेता येण्याजोगं: १०

नवकल्पनेच्या गटात यावर एक अट वाढवा: साधन रुग्णावर वापरण्याआधी यंत्रविभागाची सुरक्षा-तपासणी आणि लागेल तिथे नैतिकता समितीची परवानगी घेतली होती का? नसेल, तर निकाल कितीही चांगला असो, पुरस्कार नाही. जुगाड करून ऑक्सिजनच्या नळीत बदल केला आणि सुदैवानं काही झालं नाही, अशा कामाचा गौरव केला, तर पुढचा माणूस ते डोळे झाकून करेल.

प्रत्येकानं आधी एकट्यानं, लेखी गुण द्यावेत, चर्चा नंतर. उलट केलं, तर सगळ्यांचे गुण सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या मताभोवती जमतात. दोन सदस्यांमध्ये २० हून अधिक गुणांचा फरक असेल, तर फक्त त्या अर्जांवर बोला. स्वतःच्या विभागाच्या अर्जावर सदस्यानं गुण देऊ नयेत आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावं. किमान गुणांची अट, समजा ६०, आधीच जाहीर करा. कोणीच तिथवर पोचलं नाही, तर त्या वर्षी तो पुरस्कार रिकामा ठेवा.

६. वॉर्डात जाऊन पाहा

अंतिम यादीतल्या प्रत्येक विभागाला दोन सदस्यांनी भेट द्यावी. दिवस कळवा, पाळी कळवू नका. संध्याकाळी किंवा रात्री गेलात तर खरी स्थिती दिसते.

तीन कामं करा. पहिलं, अर्जात नाव नसलेल्या दोन कर्मचाऱ्यांना विचारा: ‘इथे काय बदललं? का बदललं? त्यामुळे तुमचं काम वाढलं की कमी झालं?’ त्यांना माहीतच नसेल, तर बदल कागदावर आहे. दुसरं, कोणताही एक महिना निवडून मूळ रजिस्टर आणि केसपेपरवरून आकडा स्वतः मोजा. थोडा फरक येतोच. मोठा असेल तर कारण लिहून घ्या, लगेच आरोप करू नका. पुष्कळदा व्याख्या वेगळी धरलेली असते. तिसरं, टीमप्रमुख रजेवर असताना हे काम कोण करतं, ते विचारा.

वॉर्डात फोटो काढताना रुग्णाचा चेहरा, नाव, नोंदणी क्रमांक येऊ देऊ नका. चेहरा हवाच असेल, तर लेखी संमती घ्या.

७. काय द्यायचं

मोठी रोख रक्कम टाळा. नऊ जणांत ती वाटताना भांडणं होतात आणि पुढच्या वर्षी अर्जांत नावं वाढतात. टीमला उपयोगी पडणाऱ्या गोष्टी द्या: पुढच्या प्रयोगासाठी छोटा निधी, आठवड्यातून दोन तास ड्युटीतूनच मोकळे, प्रशिक्षण किंवा परिषदेचा खर्च, आणि सेवापुस्तिकेत नोंद. मोकळा वेळ देणार असाल, तर त्या दोन तासांत वॉर्डात बदली माणूस कोण येणार तेही त्याच आदेशात लिहा. नाहीतर तो वेळ कागदावरच राहतो.

प्रमाणपत्रावर ‘उल्लेखनीय कार्याबद्दल’ लिहू नका. काय केलं आणि काय बदललं, ते दोन ओळींत लिहा. टीममधल्या प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्या. एकच फ्रेम केली तर ती विभागप्रमुखांच्या खोलीत लागते. समारंभाची वेळ पाळी बदलण्याच्या जवळपासची ठेवा आणि बोलायला टीममधल्याच माणसांना सांगा.

८. न निवडलेल्यांना उत्तर द्या

निकालानंतर १५ दिवसांत प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर गेलंच पाहिजे: कोणती बाजू चांगली होती, कशात गुण गेले, पुढच्या वर्षासाठी आत्ताच काय मोजायला सुरुवात करावी. ‘प्रयत्न चांगला, पुढील वेळी शुभेच्छा’ असं छापील पत्र पाठवण्यापेक्षा समोर बसून पाच मिनिटं बोललेलं बरं. उत्तर न मिळालेल्या टीम दुसऱ्या वर्षी अर्ज करत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी ठरावीक चार विभागांचेच अर्ज उरतात. हे काम वाटून घ्या. एकट्या सचिवावर टाकलं तर ते राहून जातं.

९. सहा महिन्यांनी परत जा

विजेत्या टीमचा रन चार्ट सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा मागा. आकडा घसरला असेल, तर पुरस्कार परत घेण्याची भाषा करू नका. पुढच्या टीमना खोटं लिहायला शिकवल्यासारखं होईल ते. माणसं बदलली का, साहित्य मिळेनासं झालं का, मोजणं थांबलं का, या क्रमानं विचारा. पद्धत नव्या माणसांच्या पहिल्या दिवसाच्या माहितीत आणि वॉर्डाच्या लेखी कार्यपद्धतीत घातली नसेल, तर बहुतेक वेळा तिथेच गळती असते. ते काम टीमचं नाही, प्रशासनाचं आहे, आणि तसं लेखी कळवण्याचा अधिकार समितीला सुरुवातीच्या एका पानातच मिळवून ठेवा.

फाइलमध्ये असायला हवेत असे कागद

- एका पानाची घोषणा: गट, पात्रता, तारखा, किमान गुण, समितीचे अधिकार
- दोन पानांचा अर्ज आणि भरलेला नमुना
- टीममधल्या प्रत्येकाच्या कामाचा तक्ता
- रन चार्ट आणि प्रत्येक मोजमापाची व्याख्या (अंश, छेद, कोणी मोजलं, कुठून घेतलं)
- नवकल्पनेसाठी सुरक्षा-तपासणी आणि परवानगीची प्रत
- रुग्णाची ओळख काढून टाकल्याचं अर्जदाराचं निवेदन
- सदस्यांची हितसंबंध-घोषणा
- प्रत्येक सदस्याची सहीची गुणपत्रिका, चर्चेआधीची
- पाहणीचा अहवाल, स्वतः मोजलेल्या महिन्याच्या आकड्यासह
- बैठकीचं इतिवृत्त
- सर्व अर्जदारांना गेलेल्या उत्तरांच्या प्रती
- सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या फेरतपासणीची तारीख, जबाबदार व्यक्तीच्या नावासह